झाडावर चढताना काय वापरावं: कॅरॅबिनर, नायलॉनचा लूप की घरी केलेलं सॉफ्ट शॅकल?

परवा छाटणीच्या कामावर नव्याने आलेल्या एका मुलाने विचारलं, "डायनीमाची दोरी आणून सॉफ्ट शॅकलं घरीच केली, तर निम्मे कॅरॅबिनर वाचतील ना?" वाचतील. पण कुठले निम्मे, यावर सगळं आहे. (कॅरॅबिनर म्हणजे उघडझाप करणारी झडप, म्हणजे गेट, असलेली धातूची कडी. सॉफ्ट शॅकल म्हणजे दोरीचीच उघडता येणारी कडी: एका टोकाला डोळा, दुसऱ्याला गाठ, आणि गाठ डोळ्यात अडकते. डायनीमा हा पातळ पण फार मजबूत कृत्रिम धागा.)

माडावर पायात दोराचं कडं अडकवून चढणारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे मऊ जोडणीचं नवल वाटायचं कारण नाही. नवा आहे तो धागा. सॉफ्ट शॅकल आलं शिडाच्या होड्यांवरून, मग ते जीपवाल्यांनी उचललं, आणि आता ते झाडांवर चढणाऱ्यांच्या पिशवीत दिसतं. समोर पर्याय तीन: धातूचा कॅरॅबिनर, नायलॉन कॉर्डला डबल फिशरमन गाठ मारून केलेला लूप, आणि डायनीमाचं शॅकल. कारखान्यात शिवलेली स्लिंग, म्हणजे पट्ट्याचं बंद कडं, हा चौथा. तिच्यावर पैसे घालायची तयारी असेल तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

आधी ताकद, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. EN 12275 या युरोपीय मानकाचा साधा कॅरॅबिनर लांबीच्या दिशेने निदान 20 किलोन्यूटन घेतो, म्हणजे साधारण दोन टन. तोच आडवा पडला किंवा गेट उघडं राहिलं, तर 7. EN 564 ची 8 मिमी नायलॉन कॉर्ड एकेरी 12.8 किलोन्यूटनची असते. लूप केला की पदर दोन होतात, पण गाठ त्यातला तिसरा हिस्सा तरी खाते. चांगल्या कंपनीची 6 मिमी डायनीमा दोरी एकेरीच साडेतीन टनांच्या आसपास तुटते आणि तिचं नीट केलेलं शॅकल त्याहून बरंच जास्त घेतं. मी मात्र हिशोबात एकेरी दोरीएवढंच धरतो, कारण "नीट केलेलं" हे मी केलेलं असतं.

आकड्यांवर गेलात तर शॅकल जिंकलं. पण झाडावर वस्तू ताणाने क्वचितच तुटते. ती आडवी पडते, घासते, तापते, सैल होते, नाहीतर करवतीखाली येते.

आडवं पडणं घ्या. खोडाला स्लिंग गुंडाळून त्यात कॅरॅबिनर अडकवला आणि तो नेमका बेचक्याच्या कडेवर टेकला, की सगळा भार त्याच्या कमरेवर. रेन ट्रीच्या जाड फांद्यांवर मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता भार टाकण्याआधी हात आपोआप तिकडे जातो. शॅकलला लांबी-रुंदीचा फरकच नाही, ते सालीवर वळतं आणि बसतं. खोडाला किंवा फांदीला टेकणाऱ्या जागी मऊ जोडणी सरस आहे, यात मला शंका नाही.

घासण्याचं नेमकं उलटं. डायनीमा 145-150 अंशांच्या आसपास वितळतो आणि 70 अंशांच्या पुढेच त्याची ताकद उतरू लागते. नायलॉन 215 अंशांच्या पुढे वितळतो, पॉलिएस्टर 250 च्या पुढे, आणि अ‍ॅरामिड (केव्हलरच्या जातीचा धागा) वितळतच नाही, पाचशेच्या आसपास करपतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे जळायच्या आधीच पीळ, वीण सगळं एकजीव होऊन बसतं. एकदा घाईत चालत्या दोरीसाठी रिंग न लावता ती सरळ शॅकलमधूनच ओवली आणि दोनदा खाली-वर केलं. शॅकल सोडवलं तर आतल्या बाजूला नखाएवढा पट्टा वाळलेल्या फेव्हिकॉलसारखा चकचकीत आणि ताठ. बोटाने दुमडला तर कटकन आवाज आला. तेव्हापासून नियम एकच: चालती दोरी स्थिर दोरीवरून कधीही जाणार नाही, मध्ये धातू हवाच, रिंग किंवा पुली. प्रुसिकसाठीही (मुख्य दोरीवर आवळून धरणारी आणि सैल केली की सरकणारी गाठ) नुसता डायनीमा नको. तो वितळतो लवकर आणि धरतो कमी. अ‍ॅरामिड किंवा पॉलिएस्टरचं कव्हर असलेली हिच कॉर्ड (अशा गाठीसाठीची दोरी) त्यासाठीच मिळते.

करवत हा मोठा मुद्दा. ताणलेल्या दोरीला दात नुसते लागले तरी ती जाते. छाटणीत आपला हात सतत दोरीच्या वीतभर अंतरावर असतो. तिथे कॅरॅबिनरला ओरखडा येईल, शॅकल उरणार नाही.

आता सैल होणं. शॅकलचा डोळा गाठीला धरून ठेवतो तो ताणामुळे. ताण गेला, फांदी हलत राहिली, की डोळा हळूहळू उघडू शकतो. माझी करवत एकदा अशीच सुटून खाली कुंडीत पडली. खाली कोणी नव्हतं हे नशीब, कारण माणसं दूर ठेवायचं मी विसरलो होतो. अमेरिकेत झाडांच्या कामासाठी Z133 हे मानक आहे. माणूस ज्यावर लटकतो तो कॅरॅबिनर आपोआप लॉक होणारा हवा आणि उघडायला निदान दोन मुद्दाम केलेल्या हालचाली लागल्या पाहिजेत, असं ते सांगतं. शॅकलला असं कुलूप नाही. शिवाय डायनीमा जवळजवळ ताणलाच जात नाही. आखूड शॅकलवर फूटभर जरी पडलात, तरी झटका सरळ कमरेत आणि फांदीत. नायलॉन तो झटका थोडा तरी पिऊन टाकतो.

पावसाळ्यात पारडं पुन्हा फिरतं. नायलॉन पाणी पितो आणि भिजला की दहा-पंधरा टक्के ताकद घालवतो. डायनीमाला पाण्याचं सोयरसुतक नाही, तो तरंगतो. आणि कॅरॅबिनरच्या ट्रिपल लॉक (तीन हालचालींनी उघडणाऱ्या) गेटमध्ये फणसाचा चीक गेला तर काय होतं, ते ज्याने झाडावर लटकत दाताने गेट फिरवायचा प्रयत्न केलाय त्यालाच विचारा. घरी येऊन गरम पाणी, जुना टूथब्रश आणि अर्धा तास.

करायचंच ठरवलं, तर 12 पदरी पोकळ विणीची 6 मिमी दोरी घ्या, एका शॅकलला पावणेदोन-दोन मीटर. मध्यावर दुमडायची, दुमडीपाशी बोट जाईल एवढा डोळा सोडायचा आणि एक पाय, म्हणजे दोरीची एक बाजू, दुसऱ्याच्या पोटातून सरकवत पुढे बाहेर काढायचा. त्यासाठी पातळ तार दुमडून केलेली सुई पुरते. मग दोन्ही शेपट्यांची डायमंड गाठ. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. आत दोरी शिरली की बाहेरचा पाय फुगतो आणि आखूड होतो. आतला पाय तितका खेचून घेतला नाही, तर सगळा भार एकाच पायावर येतो आणि शॅकल दिसायला झकास, कामाला निम्मं. दुसरं म्हणजे शेपट्यांची घाई. माझं पहिलं शॅकल इतकं सुबक झालं होतं की मी शेपट्या गाठीलगत कापून टाकल्या. मग चेन पुलीवर ताण दिला. गाठ आवळत गेली, शेपट्या आत आत ओढल्या गेल्या, आणि एक टोक नाहीसं होताच गाठ फुलासारखी उघडली. आता पाच सेंटिमीटर ठेवतो, पाच-सहाशे किलोपर्यंत ओढून गाठ बसवतो, मगच कात्री.

शॅकलऐवजी स्प्लाइस करून, म्हणजे टोकं दोरीच्याच पोटात पुरून, बंद लूप करावा असं वाटेल. तिथे हिशोब आडवा येतो. डायनीमा निसरडा, म्हणून टोक व्यासाच्या 72 पट आत पुरतात. 6 मिमीला ते 43 सेंटिमीटर होतात, आणि दोन्ही टोकांना तेवढंच. म्हणजे मीटरभराच्या आतला लूप होतच नाही. आखूड जोडणी हवी तर शॅकल करा, नाहीतर शिवलेली स्लिंग विकत आणा. डायनीमाला साधी गाठ मारून भागवू नका. गाठीत त्याची ताकद निम्म्याहून खाली येते, शिवाय ती सरकते.

जीपवाल्यांच्या दुकानातली तयार शॅकलं स्वस्त पडतात आणि वर टनांचे आकडे ठळक असतात. ते आकडे चिखलातली गाडी ओढायचे. माणसासाठीचं मानक त्यावर छापलेलं नसेल, तर ती पुली आणि सामानासाठीच. कापलेली जड फांदी झटक्याने दोरीवर येणार असेल, तिथेही 6 मिमीचं शॅकल नको. त्या कामाला जाड पॉलिएस्टरची स्लिंग आणि मोठी पुली लागते.

तर त्या मुलाला मी वाटणी अशी करून दिली. हार्नेस (चढणाऱ्याच्या कमरेचा पट्टा) ते मुख्य दोरी, ट्रिपल लॉक कॅरॅबिनर, तिथे तडजोड नाही. कमरेच्या लॅनयार्डला (खोडाभोवती घेऊन स्वतःला बांधायची आखूड दोरी) तसाच दुसरा. प्रुसिक कॉर्ड विकतची. फांदीवर पुली टांगायला, हार्नेसला करवत आणि पाण्याची बाटली लटकवायला, खालून सामान ओढायला, दोरीची पिशवी अडकवायला घरची शॅकलं. त्याच्या यादीतल्या अकरा कॅरॅबिनरपैकी पाच गळले. सहावा गाळायचा त्याचा फार प्रयत्न होता. तो लॅनयार्डचा होता, म्हणून ठेवायला लावला.

घरच्या प्रत्येक शॅकलच्या गाठीखाली मी केल्याच्या वर्षाप्रमाणे रंगीत दोऱ्याचे चार टाके घालतो, यंदा पिवळे. चकाकी दिसली, एखादा पदर तुटला किंवा दोन पावसाळे झाले की ते पिशवीतून बाहेर. मागच्या वर्षीचं लाल टाक्यांचं एक सध्या आमच्या विहिरीच्या बादलीला आहे.