ईआरपीनेक्स्टचा कस्टमाइझ फॉर्म: हळदीचा अख्खा हंगाम वापरल्यावर

फॉर्मवरचं एक फील्ड (माहिती भरायचा रकाना) वर घ्यायला कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. ज्यानं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या नोंदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, त्यानं सप्लायरच्या, म्हणजे आमच्याकडे शेतकऱ्याच्या, फॉर्ममध्ये 'गाव' टाकलं, पण मूळ कोडच्या फाइलमध्ये हात घालून. ऐन सौद्यांच्या दिवसांत अपडेट घेतला आणि गाव गायब. परत टाकायचे वेगळे पैसे पडतील म्हणाला! त्या रागात मी स्वतःच कस्टमाइझ फॉर्म, म्हणजे फॉर्मची मांडणी बदलायचं त्यातलंच पान, उघडला आणि हंगामभर त्यावरच काम केलं.

इथून जोडलेलं फील्ड डेटाबेसमध्ये कस्टम फील्ड म्हणून वेगळं राहतं. नंतर अपडेट आले तरी ते जागचं हललं नाही. ओढून क्रम बदला, सेक्शन ब्रेक टाकून फॉर्मचे भाग पाडा, नको ते लपवा. कोडची एक ओळ लागत नाही. लेबल खुशाल देवनागरीत द्या, फील्डचं आतलं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा.

पण मांडणी कितीही देखणी करा, सगळं अडतं ते क्विक एंट्रीपाशी. आवक लिहिताना दिवाणजी शेतकऱ्याचं नाव टाइप करतात, सापडलं नाही की नवं नाव नोंदवायला तिथल्या तिथे छोटी चौकट उघडते, तीच क्विक एंट्री. दारात पोती उतरतायत, हमाल खोळंबलेत. त्या घाईत चौकटीत जे भरलं तेच कायमचं; पूर्ण फॉर्म नंतर कुणी उघडत नाही. चौकटीत दिसतात ती अनिवार्य फील्डं आणि ज्यांच्यापुढे 'अलाऊ इन क्विक एंट्री'वर टिक आहे ती. म्हणून गाव अनिवार्य केलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि यार्डात माल तर कर्नाटक-तेलंगणातूनही येतो. गाव कोरं सोडून कसं चालेल? तेही हातानं लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. नाहीतर 'तासगाव' आणि 'तासगांव' ही दोन गावं होतात.

तरीही सुरुवातीला ही चौकट बंदच करावी असं माझं ठाम मत होतं. एकाच नावाचे पाटील गावोगाव, आणि एकाची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) दुसऱ्याच्या खात्यावर. मोबाइल नंबरावरून वेगळे करावेत, तर वडील आणि दोन्ही मुलं एकाच नंबरावर. सातबारे तिघांचे वेगळे, पट्ट्याही वेगळ्या. बसवून देणाऱ्यानं दुबार नाव अडवायची क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये फॉर्मवर चालणारा छोटा कोड) लिहिली होती, पण फॉर्मची क्लायंट स्क्रिप्ट या चौकटीत चालत नाही. म्हणजे जिथे चूक होते तिथेच पहारा नाही. काम करून देणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं होतं.

मत बदललं ते 'सर्च फील्ड्स'मुळे. कस्टमाइझ फॉर्ममध्येच, वरच्या भागात हा रकाना आहे. त्यात गावाच्या फील्डचं नाव लिहिलं आणि आवकेच्या यादीत प्रत्येक नावाखाली गाव दिसू लागलं. दिवाणजी म्हणाले, "आता पाटील ओळखू येतात बघा." फुकटात मिळालेली इतकी कामाची सोय मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही. दुबार नावाची तपासणी सर्व्हर स्क्रिप्टमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये) 'बिफोर सेव्ह'ला, म्हणजे नोंद सेव्ह होण्याआधी, हलवली. नाव आणि गाव दोन्ही जुळलं की वडिलांचं नाव जोडल्याशिवाय नोंद होत नाही, मग ती चौकटीतून येवो की पूर्ण फॉर्ममधून. स्वतःच्या सर्व्हरवर असाल तर आवृत्ती १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट आधी चालू करून घ्यावी लागते, ते विसरू नका.

आता पाटलांची पट्टी पाटलांनाच जाते आणि चौकट चालूच आहे. देखभालीच्या वार्षिक कराराला या वर्षी नाही म्हणून कळवलंय. क्विक एंट्रीत काय दिसावं हे ठरवायला दिवाणजींशेजारी एक सकाळ बसा. ते काम बाहेरच्या माणसावर सोपवू नका.