मेसोथेलिओमाचा रिपोर्ट हातात आल्यावर: ईएसआय, भरपाईचा दावा की दिवाणी खटला?

छातीत पाणी झालं, काढलं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात पुन्हा पाणी. बऱ्याच घरांत मेसोथेलिओमाची सुरुवात अशीच होते. फुफ्फुसाच्या आवरणाचा हा कॅन्सर. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर तो 20 ते 50 वर्षांनी उगवतो, तोवर माणूस रिटायर होऊन गावच्या घरी ओसरीवर बसलेला असतो. बायोप्सी आणि तिच्यावरची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (कॅन्सरचा नेमका प्रकार ओळखणारी तपासणी) होऊन नाव कळेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि त्यापुढे साधारण वर्ष-दीड वर्षच हाताशी असतं. म्हणून रस्ता निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की पैसे माणूस असताना मिळतील का. किती मिळतील हा दुसरा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा कायदा (1948) व कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (1923) हे दोन्ही तिच्यात गेले. सांगाडा बराचसा तोच आहे. पण आजचे रुग्ण ज्या काळात धुळीत उभे होते तो काळ जुन्या कायद्यांचा, आणि वकिलांच्या तोंडी अजून तीच नावं आहेत. म्हणून खाली कलमं जुनीच घेतली आहेत. तुमच्या प्रकरणाला जुनं लागू की नवं, हे दावा टाकण्याआधी वकिलाकडून पक्कं करून घ्या.

ईएसआय: स्वस्त, पण नोकरीत असलेल्यासाठी

ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा नावानिशी आहेत. अट एवढीच की त्या कामात सलग सहा महिने काढलेले असावेत. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं, पूर्ण गेली असेल तर रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के दराने हयातभर पैसे येतात, आणि माणूस गेल्यावर विधवेला व अवलंबितांना आश्रित लाभ. वकील न लावताही हे होऊ शकतं. मुंबईतल्या कॅन्सर उपचाराचा खर्च पाहिला तर उपचाराची सोय हाच यातला मोठा भाग ठरतो.

अडचण रिटायर झालेल्यांची. या कलमाची भाषा नोकरीत असलेला माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहे, आणि मेसोथेलिओमा तर बहुधा नोकरी संपल्यावरच येतो. पाच वर्षं विमाधारक राहून रिटायर झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायकोसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही सवलत अनेकांना ठाऊकच नसते. मात्र ती उपचारापुरतीच आहे, रोख रकमेचा प्रश्न तिने सुटत नाही.

भरपाईचा दावा: रिटायर झालेल्यासाठी दार उघडं, पण पुरावा तुमचा

1923 च्या कायद्यातही मेसोथेलिओमा परिशिष्ट तीनच्या ‘ब’ भागात आहे आणि अट सहा महिन्यांचीच. फरक असा की नोकरी सोडल्यानंतर झालेल्या रोगाचा विचार इथे कलम 3 मध्ये सरळ लिहिलेला आहे. नोकरीत असताना रोग झाला तर तो कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो, खोडून काढायचं काम मालकाचं. नोकरी सुटल्यावर झाला तर तो त्या कामामुळे झाला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. माणूस कंत्राटदाराकडे कामाला होता म्हणून अडत नाही. कलम 12 प्रमाणे मूळ कंपनीकडे मागता येतं, कंत्राटदाराकडून वसूल करणं ही तिची डोकेदुखी.

आता हिशेब. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, मृत्यू असेल तर 50 टक्के. 65 किंवा त्याहून जास्त वयाला गुणांक 99.37. पगार कितीही असला तरी 2020 पासून हिशेबासाठी कमाल 15,000 धरतात. म्हणजे त्या वयाच्या माणसाला वरची मर्यादा 8,94,330 रुपये, आणि तो गेल्यावर घरच्यांनी दावा केला तर 7,45,275. पंचवीस वर्षांपूर्वीचा 4,000 रुपये पगार धरला गेला तर मात्र 2,38,488 वरच थांबावं लागतं. त्यामुळे कुठला पगार धरायचा यावर वकिलाने नीट भांडायला हवं. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. मालकाला अपिलात जायचं तर आधी रक्कम जमा करावी लागते. हे कलम मला या कायद्यातलं सगळ्यात शहाणं वाटतं.

मुदत दोन वर्षांची. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तर ती दिसल्या दिवसापासून मोजतात, असं कलम 10 सांगतं. वीस-पन्नास वर्षांनी उगवणाऱ्या रोगाचा विचार हे लिहिताना कुणी केला नव्हता हे उघड आहे. सबळ कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो, म्हणून निदानाची तारीख असलेला पॅथॉलॉजी रिपोर्ट दाव्याला जोडा आणि त्या तारखेनंतर एक आठवडाही वाया घालवू नका.

दोन्हींच्या मधे अडकलेला माणूस

खरा पेच इथे आहे. ईएसआय कायद्याचं कलम 53 सांगतं की विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्याने भरपाई मागता येणार नाही. ए. त्रेहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते पक्कं केलं. त्यामुळे ज्याचं एके काळी ईएसआय कार्ड होतं त्याला कंपनी म्हणते, ‘तुम्ही ईएसआयकडे जा,’ आणि ईएसआयच्या खिडकीवर ऐकायला मिळतं, ‘तुम्ही तर रिटायर आहात.’

माझं मत: आधी ईएसआयकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि नकार मिळाला तर तोही लेखीच घ्या. तोंडी नकारावर घरी परतू नका. तो कागद हातात असला की कंपनीविरुद्ध कलम 53 च्या वादात तुमची बाजू उभी राहते आणि उच्च न्यायालयात रिट (सरकारी यंत्रणेविरुद्धची याचिका) करायलाही पाया मिळतो. ईएसआय कधीच नव्हतं, उदाहरणार्थ पगार ईएसआयच्या मर्यादेपेक्षा जास्त होता, तर थेट भरपाईचा दावा.

रिटसाठी आधार आहे तो 27 जानेवारी 1995 चा. अहमदाबादच्या कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचा आरोग्याचा हक्क नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो असं म्हटलं. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायचे आदेशही त्यात आहेत. कंपनी ‘जुनं रेकॉर्ड नाही’ म्हणाली की हा निकाल दाखवा आणि मागणी लेखी करा. कारखाना महाराष्ट्रात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, ज्याला सगळे ‘डिश’ म्हणतात, माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

दिवाणी खटला

रकमेला मर्यादा नाही, एवढाच याचा मोठेपणा. निष्काळजीपणा सिद्ध करा, कोर्ट फी भरा, वर्षानुवर्षं तारखा घ्या. शिवाय 1923 च्या कायद्याच्या कलम 3(5) प्रमाणे भरपाईचा दावा आणि दिवाणी खटला यांतलं एकच निवडता येतं. पेशंट अंथरुणावर असताना मी हा रस्ता सुचवत नाही.

अपवाद घरातल्या बाईचा. चाळीतल्या मोरीत नवऱ्याचा कामावरचा शर्ट आधी झटकायचा, मग भिजवायचा, असं ज्यांनी वर्षानुवर्षं केलं त्यांच्याही छातीत तीच धूळ गेली. त्या कुणाच्या नोकर नव्हत्या, म्हणून वरचे दोन्ही कायदे त्यांना लागू नाहीत. त्यांना दिवाणी खटलाच उरतो, आणि तो अवघड आहे.

परदेशी पैशांबद्दल थोडंच. नेटवर हा रोग शोधलात की अमेरिकन वकिलांच्या जाहिरातींचा पूर येतो. तिथले ट्रस्ट दिवाळखोरीत गेलेल्या ठरावीक कंपन्यांच्या मालाशी संबंध दाखवणाऱ्यांना पैसे देतात. ब्रिटनची 2014 ची योजना तिथेच धूळ लागलेल्यांसाठी आहे. जहाजावर, परदेशी कंपनीत किंवा तिकडे काम केलं असेल तरच त्यात शिरा.

आधी जबानी, मग बाकी

कुठलाही रस्ता धरलात तरी पेशंट बोलू शकतोय तोवर त्याची साक्ष नोंदवून घ्या. तब्येत ठीक नसेल तर कोर्ट माणूस नेमून घरी किंवा हॉस्पिटलात साक्ष घ्यायला लावू शकतं. वकिलाला हे पहिल्याच तारखेला मागायला सांगा.

कागदांचं म्हणाल तर सर्व्हिस सर्टिफिकेटवर नुसतं ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं, त्यावरून धूळ सिद्ध होत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर खात्याचं नाव असतं, ते शोधा: लॅगिंग (पाइपांवर उष्णतारोधक आवरण गुंडाळण्याचं काम), बॉयलर, ब्रेक लायनिंग. सोबत काम केलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या. युनियनच्या ऑफिसात एका काकूंनी कॅरीबॅगमधून चिठ्ठ्या काढता काढता एक फोटो बाजूला ठेवला होता, ‘हा नको, हा पूजेचा आहे’ म्हणून. खंडेनवमीला खात्यातली सगळी मंडळी मशीनला झेंडू वाहून उभी होती आणि मागे पांढरं लॅगिंग गुंडाळलेले पाइप होते, काही ठिकाणी उसवलेले. वकिलाने चिठ्ठ्यांच्या आधी तोच उचलला.