मेगा मॅन २ : आठ महिने खेळल्यानंतर

मावसभावाने दुबईहून येताना त्याचा जुना स्विच, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचं गेम खेळायचं यंत्र, माझ्यासाठी आणला. त्यात ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन’ आधीपासूनच टाकलेलं होतं. या संचात मालिकेतले पहिले सहा गेम आहेत. सहाही थोडेथोडे खेळून पाहिले, पण मन रमलं ते दुसऱ्यात. आता आठ महिने झाले. या काळात ‘मेगा मॅन २’ मी किती वेळा पूर्ण केला याची मोजदाद ठेवलेली नाही, पण आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी तो चालू असतोच. शनिवारी भाचा घरी आला की मग सगळा दिवस तोच.

लहानपणी आमच्याकडे टीव्हीला लावायचा गेम होता. त्याच्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं असायचं आणि आत तेच दहा-बारा पुन्हा पुन्हा यायचे. निळ्या रोबोटचा हा गेम आमच्या कॅसेटमध्ये कधीच नव्हता. त्यामुळे मी जे लिहितोय त्यात जुन्या आठवणींचा गोडवा मिसळलेला नाही. चाळिशीत पहिल्यांदा हातात घेतलेला हा गेम आहे, आणि मला तो मनापासून आवडला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने पहिला भाग डिसेंबर १९८७ मध्ये जपानात काढला. तिथे नायकाचं नाव रॉकमॅन, आणि त्याच्या बहिणीचं नाव रोल. दोघांची नावं जोडली की संगीताचा प्रकार तयार होतो. अमेरिकेत जाताना रॉकमॅनचा मेगा मॅन झाला. पहिल्या भागाचा खप बेताचा होता. दुसरा भाग करायची परवानगी मिळाली ती इतर कामं सांभाळून करण्याच्या अटीवर. अकिरा कितामुरा यांच्या नेतृत्वाखालच्या छोट्या गटाने काही महिन्यांत तो उभा केला आणि २४ डिसेंबर १९८८ ला तो फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या तेव्हाच्या जपानी यंत्रावर, आला. पहिल्या भागात जागेअभावी गाळलेल्या काही गोष्टी यात वापरल्या गेल्या. बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटी भिडणारे मोठे शत्रू, सहाचे आठ झाले, आणि त्यांच्या कल्पना जपानमधल्या खेळाडूंकडून मागवल्या होत्या. कुठल्या तरी पोराने वहीत काढलेलं चित्र पुढे जगभरच्या पोरांना घाम फोडणारा बॉस झालं, हे मला फार सुंदर वाटतं.

गेमची रचना सोपी आहे. सुरुवातीलाच आठ चेहऱ्यांची चौकट समोर येते: मेटल मॅन, एअर मॅन, बबल मॅन, क्विक मॅन, क्रॅश मॅन, फ्लॅश मॅन, हीट मॅन, वूड मॅन. कुणाच्याही लेव्हलला आधी जायची मोकळीक आहे. ज्याला हरवाल त्याचं शस्त्र तुमचं होतं, आणि ते शस्त्र दुसऱ्या कुणावर तरी भारी पडतं. बबल मॅनचं शस्त्र हीट मॅनला, हीट मॅनची आग वूड मॅनला, वूड मॅनची पानांची ढाल एअर मॅनला, एअर मॅनचा वारा क्रॅश मॅनला. पाणी आगीला विझवतं आणि आग लाकडाला जाळते, हे पोरालाही कळतं. बाकीच्या जोड्या मात्र हात पोळून घेतल्यावरच समजतात. हा क्रम शोधणं म्हणजेच अर्धा गेम, म्हणून ज्यांनी अजून खेळला नसेल त्यांनी नेटवर उत्तर बघू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर मी चार जोड्या फोडल्या, बाकीच्या राखून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. स्विचवरच्या या संचात रिवाइंडची सोय आहे. बटण दाबून ठेवलं की खेळ मागे जातो. खड्ड्यात पडलात, मागे घ्या. गोळी लागली, मागे घ्या. पहिला दीड महिना मी असाच खेळलो. आठही बॉस हरले, या सगळ्यांचा म्होरक्या खलनायक डॉक्टर वायली, त्याचा किल्लाही सर झाला आणि शेवटची चित्रं बघून झाली. मनात मात्र काहीच उरलं नाही. कुठला बॉस कसा हलतो हेसुद्धा आठवेना.

त्यानंतर एका शनिवारी भाचा शेजारी बसला होता. तो नऊ वर्षांचा आहे. मी एअर मॅनच्या लेव्हलमध्ये चौथ्यांदा रिवाइंड केलं तेव्हा तो म्हणाला, “मामा, तू मागे मागे जाऊ नकोस ना. पडू दे त्याला. मला बघायचंय पडल्यावर काय होतं.” त्या दिवशी रिवाइंड सोडलं ते आजतागायत सोडलेलं आहे. माझ्यासाठी हा गेम खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

एअर मॅनची लेव्हल उदाहरण म्हणून घ्या. सगळी आभाळात. पाय ठेवायला राक्षसाच्या तोंडासारखे मोठे तरंगते ठोकळे आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंनी शिंगं वर येतात आणि पुन्हा आत जातात. त्यातून छोटी भुतं बाहेर पडतात. पहिला ठोकळा अशा जागी ठेवलाय की उभं राहून त्याचा स्वभाव शांतपणे बघता येतो. शिंगं कधी येतात, किती वेळ राहतात, भुतं कुठून निघतात, सगळं. पुढे ढगावर बसून वीज फेकणारा शत्रू येतो. त्याला मारलं की त्याचा ढग रिकामा होतो आणि तुम्हीच त्या ढगावर उभं राहून पुढे जायचं असतं. हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही. आजूबाजूला दुसरी जागाच नाही, म्हणून ते सुचतं. रिवाइंड करत होतो तेव्हा यातलं काहीही माझ्या नजरेत भरलं नव्हतं, कारण थांबून बघायची गरजच पडत नव्हती.

बबल मॅनच्या पाण्यातही तेच. पाण्यात उडी खूप उंच जाते, ते छान वाटतं आणि माणूस सैल पडतो. आणि छताला काटे. एक स्पर्श झाला की खेळ खलास, लाईफ भरलेलं असलं तरी. बटण किती वेळ दाबून ठेवलं त्यावर उडीची उंची ठरते, हे मला तिथे अंगठ्यातून कळलं. कंट्रोलबद्दल एवढंच म्हणेन की बटण सोडल्या क्षणी रोबोट खाली यायला लागतो, त्यामुळे चूक झाली की ती आपलीच असते.

क्विक मॅनच्या लेव्हलबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. उभ्या विहिरीसारख्या खोल्या एकाखाली एक आहेत. तुम्ही खाली पडत जाता आणि बाजूच्या भिंतींतून लेझरचे जाड पट्टे सरकत येतात. पट्टा लागला की तात्काळ मरण. विचार करायला वेळच नाही, पडता पडता डावी-उजवी ठरवायची. पहिल्या पंधरा-वीस प्रयत्नांत मला हे निव्वळ क्रूर वाटलं होतं. मग हळूहळू एकेक खोली पाठ होत गेली. इथे लगेच डावीकडे, इथे कडेला जाऊन सरळ खाली, इथे घाई केली तरच वाचतो. एका रात्री सलग सगळ्या खोल्या पार झाल्या तेव्हा हातांना दरदरून घाम फुटला होता.

या लेव्हलला दुसरी वाटही आहे. फ्लॅश मॅनकडून वेळ थांबवणारं शस्त्र मिळतं. ते चालू केलं की लेझर जागच्या जागी गोठतात. पण एकदा चालू केलं की ते बंद करता येत नाही, त्याची सगळी ऊर्जा संपेपर्यंत चालतं. आणि हेच शस्त्र क्विक मॅनवर वापरलं तर त्याचं जवळपास अर्धं लाईफ जातं. म्हणजे विहिरीत खर्च केलं तर बॉससमोर हात रिकामे, बॉससाठी राखलं तर विहीर स्वतःच्या जिवावर उतरायची. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या गेममध्ये खेळाडूसमोर इतका चोख पेच टाकलेला पाहून मी थक्क झालो. मी विहीर पाठ करून शस्त्र राखतो. भाचा बिनधास्त विहिरीतच वेळ थांबवतो. त्याचं म्हणणं, “बॉसला मी साध्या गोळीनेच मारीन.” आणि तो मारतोही.

मेटल मॅनचं चक्र हे सगळ्यात उपयोगी शस्त्र. आठही दिशांना फेकता येतं आणि चार वेळा फेकलं की ऊर्जेच्या पट्टीतलं एक घर कमी होतं. २८ घरं असल्याने ते संपता संपत नाही. खरं सांगायचं तर ते जरा जास्तच ताकदवान आहे. ते मिळालं की बाकीच्या शस्त्रांकडे हात जाईनासा होतो. समतोलाच्या दृष्टीने हा दोषच, पण कोपऱ्यातल्या शत्रूवर तिरकं चक्र फेकण्यातली मजा अशी आहे की मी ते सोडत नाही.

एका जागेबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. वायलीच्या किल्ल्यातल्या चौथ्या टप्प्याचा बॉस म्हणजे भिंतींवर बसवलेले पाच बुरूज आहेत. त्यांच्यावर क्रॅश मॅनचा बॉम्बच चालतो. भरलेल्या ऊर्जेत असे सात बॉम्ब मिळतात. पाच बुरुजांना पाच आणि मधल्या भिंती फोडायला कमीत कमी दोन. म्हणजे बरोबर सात, एकही जादा नाही. एक चुकीच्या भिंतीवर गेला की ती फेरी संपलीच समजा, पुढे फक्त मरायची वाट बघायची. मेल्यावर शस्त्राची ऊर्जा आपोआप भरत नाही. तिथे मी तीन रात्री घालवल्या. बाकी गेमभर चूक झाली तरी वाट निघते. इथे मात्र खेळाडूला कोड्याचं एकच उत्तर दिलंय आणि ते शोधायची किंमत अवाच्या सवा आहे. मला ते आवडलेलं नाही आणि आठ महिन्यांनीही माझं मत बदललेलं नाही.

त्याआधीचा पहिल्या टप्प्याचा ड्रॅगन याच्या अगदी उलट आहे. मागून अवाढव्य यांत्रिक ड्रॅगन पाठलाग करतो, तुम्ही ठोकळ्यांवरून पळत सुटता आणि शेवटी पायाखाली तीनच सुटे ठोकळे उरतात. आग लागली की धक्क्याने खाली पडायचं. भीतीने घसा कोरडा पडतो, पण प्रत्येक वेळी पुढच्या प्रयत्नात काय वेगळं करायचं ते स्पष्ट दिसतं. आणि तिथवर नेणारं ते संगीत! ताकाशी तातेइशी यांनी रचलेलं. एका वेळी मोजकेच सूर वाजवता येतील एवढीच मुभा त्या मूळ यंत्रात, तरी ती धून ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ती गुणगुणतो. संचात संगीत वेगळं ऐकायची सोय आहे, ती मी फार वापरतो. स्वयंपाक करताना क्विक मॅनची धून लावून ठेवतो.

संचाबद्दल थोडं. चित्रांचं दालन छान आहे, जुनी रेखाटनं, खोक्यांवरची चित्रं बघता येतात. शत्रूंची माहिती देणारा विभाग आहे, त्यातून बॉसशी थेट सराव करता येतो, त्याचा मला फार फायदा झाला. पडद्यावर जास्त शत्रू आले की मूळ यंत्रात आकृत्या लुकलुकायच्या आणि खेळ मंदावायचा, ते जसंच्या तसं ठेवलंय. काहींना खटकेल, मला नाही. प्रत्येक गेमला सेव्हची एकच जागा दिलीय, हे मात्र गैरसोयीचं आहे. भाच्याने सेव्ह केलं की माझं पुसलं जातं, यावरून घरात दोनदा रडारड झाली. टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीचा गेम मोड आधी चालू करा. तो बंद असताना उडी किंचित उशिरा लागते आणि हीट मॅनच्या गायब होणाऱ्या ठोकळ्यांवर ते जीवघेणं ठरतं.

गेममध्ये अवघडपणाच्या दोन पातळ्या आहेत. नवीन खेळणाऱ्यांनी सुरुवातीला ‘नॉर्मल’ घ्यावी. ‘डिफिकल्ट’ म्हणजे जपानी आवृत्तीची मूळ पातळी, नॉर्मल ही पाश्चात्त्य आवृत्तीसाठी नंतर घातलेली. माझ्या मते मेटल मॅनपासून सुरू करावं.

शेवट सांगून टाकत नाही, पण सुरुवात सांगतो. बटण न दाबता थांबलात तर दृश्य एका उंच इमारतीवरून वर वर सरकत जातं आणि गच्चीवर तो उभा असतो, डोक्यावर हेल्मेट नाही, वाऱ्यावर केस उडताहेत. स्टार्ट दाबलं की हेल्मेट चढतं आणि तो निघतो. भाचा हे दृश्य दर वेळी पूर्ण बघतो, मला घाई करू देत नाही.

मूळ गेममध्ये सेव्हच नव्हतं, पासवर्ड होता: पाच बाय पाच चौकटीत लाल ठिपके. तो अजूनही चालतो. सेव्हवरून भांडणं झाल्यापासून भाच्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर पट्टीने चौकटी आखल्यात. खेळ संपला की तो लाल पेनाने एकेक ठिपका उतरवून घेतो आणि खाली किती बॉस झाले ते लिहितो. परवाच्या चौकटीखाली लिहिलंय: सात. क्विक मॅन बाकी.