सॉक्रेटिस पास, एपिक्टेटस नापास: दादरमधल्या एका नेतृत्व कार्यशाळेचं परीक्षण

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, एका हॉलमध्ये शनिवार-रविवार भरणारी ही कार्यशाळा. विषय प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान आणि आजचं नेतृत्व. फी ९,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून जातात ११,२१०. त्यात नाश्ता, जेवण, ६४ पानांची स्पायरल वही आणि पुढचे चार आठवडे व्हॉट्सॲपवर पाठपुरावा. वेळ साडेनऊ ते साडेपाच, एका तुकडीत २४ जण. बोलणं मराठीत, स्लाइड मात्र इंग्रजीत. पैसे वसूल होतात का? शनिवारचे होतात. रविवारचे निम्मेच.

शनिवारची सकाळ सॉक्रेटिसची, आणि दोन दिवसांतलं सगळ्यात कसदार काम तिथेच होतं. तिघातिघांचे गट पाडतात: एक उत्तर देणारा, एक विचारणारा, एक नोंद ठेवणारा. उत्तर देणाऱ्याने एका कल्पनेची व्याख्या एका वाक्यात लिहायची, समजा ‘जबाबदारी घेणं म्हणजे काय’. विचारणाऱ्याने स्वतःचं मत अजिबात द्यायचं नाही, फक्त प्रश्न. आधी एक उदाहरण मागायचं. मग उत्तर देणाऱ्याला आपणहून पटेल असं दुसरं एखादं विधान त्याच्याकडून मिळवायचं. ही दोन विधानं एकमेकांत बसत नाहीत हे त्याच्याच तोंडून निघालं, की व्याख्या खोडून नवी लिहायची. वीस मिनिटांनी भूमिका बदलतात.

‘चूक झाली की ती आपली म्हणून मान्य करणं’ ही व्याख्या जवळजवळ प्रत्येक गटात येते. ज्याच्या हातात निर्णयच नव्हता त्याने चूक मान्य केली, तर ती जबाबदारी की नुसता नमतेपणा? एवढ्या एका प्रश्नावर व्याख्या कोसळते. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात हेच घडतं. शौर्य म्हणजे रांग न सोडता शत्रूसमोर उभं राहणं, असं लाखेस हा सेनापती सांगतो. सॉक्रेटिस त्याला पळता पळता लढणारे सिथियन घोडेस्वार दाखवतो आणि प्लाटियाच्या लढाईत मागे सरकून मग उलटलेले स्पार्टन दाखवतो. संवाद संपतो तेव्हा व्याख्या हाती आलेलीच नसते. कार्यशाळेनेही शेवटी ‘योग्य उत्तर’ फळ्यावर लिहायचं टाळलं आहे, त्याला दाद द्यायला हवी. बहुतेक प्रशिक्षकांना तो मोह आवरत नाही.

हा व्यायाम फसतो तो एकाच कारणाने. कंपन्या आख्खी टीम एकदम पाठवतात आणि आयोजक तिला एकाच टेबलावर बसवतात. साहेब विचारणारा आणि हाताखालचा उत्तर देणारा असं झालं, की चौकशीची उलटतपासणी होते. समोरचा मनातलं सोडून कंपनीच्या धोरणातलं वाक्य म्हणून मोकळा होतो, आणि उत्तर देणाऱ्याने जे खरंच मानतो तेच सांगायचं ही सॉक्रेटिसची मूळ अट तिथेच मोडते. उपाय सोपा आहे: गट वेगवेगळ्या कंपन्यांतल्या लोकांचे करावेत, किंवा पहिल्या फेरीत साहेबाला उत्तर द्यायला बसवावं. आयोजकांनी हे केलेलं नाही. नाव नोंदवताना आपणच मागून घ्यावं.

दुपारी ॲरिस्टॉटल. इथे साहित्य उत्तम आणि कागद चुकीचा, अशी गंमत आहे. वहीत सुवर्णमध्यासाठी एक ते दहाची पट्टी छापली आहे: डावीकडे भित्रेपणा, उजवीकडे उतावळेपणा, मधल्या पाचावर ‘शौर्य’. ॲरिस्टॉटलने नेमकं याच्याविरुद्ध सांगून ठेवलंय. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, की दहा मापं अन्न जास्त आणि दोन मापं कमी, म्हणून तालीम देणारा प्रत्येकाला सहा मापं देणार नाही. मायलो पहिलवानाला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. मध्य माणसापुरता असतो, आकड्यांच्या मधोमध नसतो. पट्टीवर खूण करायला लावलं की लोक पाच किंवा सहावर टिक करतात आणि पान उलटतात. (या पानाला सगळ्यात कमी वेळ लागतो, यातच सगळं आलं.)

त्यापेक्षा त्याच पुस्तकातले प्रश्न छापले असते तर काम झालं असतं. राग येणं कोणालाही जमतं. कोणावर, किती, कधी, कशासाठी आणि कशा रीतीने, हे जमणं अवघड, असं तिथे सांगितलंय. हे पाच रकाने आखा आणि उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याचा प्रसंग भरून पाहा. जुलैत रुळांवर पाणी असताना कल्याणहून निघून पंचवीस मिनिटं उशिरा पोचलेला एक, आणि परळला राहून रोज दहा मिनिटं उशिरा येणारा दुसरा. हजेरीच्या यंत्रावर पहिला जास्त दोषी दिसतो. रकाने भरले की ‘किती’ आणि ‘कशासाठी’ इथे उत्तर उलटतं. नियम सगळ्यांना सारखा असताना नेमक्या या माणसापुरतं काय योग्य हे दिसणं, यालाच ॲरिस्टॉटल फ्रोनेसिस म्हणतो, आपण व्यवहारज्ञान किंवा तारतम्य म्हणू. ते तरुण वयात येत नाही, कारण त्याला अनुभव लागतो, असंही त्याने लिहून ठेवलंय. हा मुद्दा प्रशिक्षक घाईघाईने उरकतात, बहुधा तुकडीत निम्मे जण तिशीच्या आतले असतात म्हणून.

एक गोष्ट मात्र फार चांगली घेतली जाते: वाकडं लाकूड. आपला कल कोणत्या टोकाकडे आहे ते ओळखायचं आणि मुद्दाम उलट्या टोकाकडे झुकायचं, वाकडं लाकूड सरळ करताना दुसऱ्या बाजूला वाकवतात तसं. वहीत यासाठी दोन आठवड्यांची पानं आहेत. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याने रोज एका विनंतीला नकार द्यायचा आणि नोंद करायची. जो सगळं स्वतःच तपासतो त्याने रोज एक फाइल न बघता पुढे पाठवायची. काम ठरलेलं, मोजता येण्याजोगं. लोक पहिल्याच आठवड्यात फार मोठी उडी घेतात आणि सोडून देतात, म्हणून सुरुवात बिनमहत्त्वाच्या फाइलपासून करावी.

हिशेबात थोडीशी फिरवाफिरव केली तर त्याचाही सुवर्णमध्य असेल ना, हा प्रश्न दर तुकडीत कोणीतरी हसत विचारणारच. त्याला दिलं जाणारं उत्तर बरोबर आहे: चोरी, खून, व्यभिचार यांना मध्य नसतो, त्यांचं नावच दोष सांगतं.

त्याच सत्रातली एक स्लाइड तातडीने काढून टाकायला हवी. ‘आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो’ या अर्थाचं प्रसिद्ध वाक्य ॲरिस्टॉटलच्या नावावर झळकतं. ते अमेरिकी लेखक विल ड्युरंट यांचं आहे, १९२६ मध्ये ॲरिस्टॉटलचा सारांश सांगताना त्यांनी लिहिलेलं. अकरा हजार घेणाऱ्याने एवढं तपासायला हवं. सेनेकालाही ग्रीकांच्या रांगेत बसवलंय. तो रोमन, त्याने लिहिलं लॅटिनमध्ये. मार्कस ऑरेलियस रोमन सम्राट असूनही ग्रीकमध्ये लिहीत होता, म्हणून त्याला या रांगेत जागा देता येते.

रविवारी सकाळी स्टोइक, म्हणजे जे हातात नाही त्यात मन अडकवू नका असं शिकवणारे तत्त्वज्ञ, आणि इथे गाडी घसरते. पडद्यावर तीन वर्तुळं येतात: माझ्या हातात, माझ्या प्रभावात, माझ्या हाताबाहेर. त्यांच्यातल्या एपिक्टेटसकडे तीन वर्तुळं नाहीत. त्याच्या ‘एंखिरिडिऑन’ या पुस्तिकेची सुरुवातच दोन यादींनी होते. आपल्या हातात: मत, प्रेरणा, इच्छा, तिटकारा. हातात नसलेलं: शरीर, मालमत्ता, लौकिक, पद. हा माणूस गुलाम म्हणून वाढलेला आणि पायाने अधू, तेव्हा शरीर हाताबाहेरच्या यादीत का जातं हे वेगळं सांगायला नको. मधलं वर्तुळ आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आलंय. ते वापरायला हरकत नाही, पण एपिक्टेटसच्या नावावर नको.

हा फरक पुस्तकी नाही. वहीतल्या नमुन्यात ‘टीमची कामगिरी’ पहिल्या वर्तुळात टाकली आहे. तशी ती धरली, की तिमाही आकडे पडले म्हणजे साहेबाची झोप गेली आणि दुसऱ्या दिवशी टीमचीही. स्टोइकांचा धनुर्धराचा दृष्टांत इथे हवा होता: नेम नीट धरणं आणि दोरी नीट सोडणं धनुर्धराचं, बाण लागणं वाऱ्यावरही अवलंबून. काम स्पष्ट सांगितलं का, लागणारी माणसं आणि वेळ दिला का, अडचण ऐकून घेतली का, ही नेम धरण्याची यादी. तीच रोज तपासायची.

त्याहून मोठी खटकणारी गोष्ट म्हणजे या सत्राचा सूर. ‘पगारवाढ तुमच्या हातात नाही, मग कुरकुर कशाला’ असं उदाहरण व्यवस्थापकांना हाताखालच्यांना समजावण्यासाठी दिलं जातं. एपिक्टेटसचे धडे स्वतःवर चालवायचे आहेत. दुसऱ्याच्या तोंडावर झाकण ठेवायला ते वापरले, की कर्मचारी तत्त्वज्ञानाचं नाव जरी ऐकलं तरी नाक मुरडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पगार ठरवणं तर साहेबाच्याच पदाचं कर्तव्य. ते हाताबाहेर ढकलून चालणार नाही.

त्या ऐवजी न्हाणीघराचा धडा घ्यायला हवा होता. सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय होतं ते डोळ्यांसमोर आणा, असं एपिक्टेटस सांगतो: पाणी उडतं, धक्के बसतात, शिव्या ऐकू येतात, चोऱ्या होतात. मग म्हणा, मला अंघोळ करायची आहे आणि मनाचा तोलही राखायचा आहे. सकाळी आठची विरार फास्ट पकडणाऱ्याला हा धडा एका वाक्यात कळतो. अवघड बैठकीआधी तीन मिनिटं पुरतात: तिथे कोण काय बोलेल हे तीन ओळींत लिहायचं आणि चौथ्या ओळीत आपल्याला राखायची ती गोष्ट.

प्लेटोला चाळीस मिनिटं मिळतात आणि ती त्याच्या गुहेच्या चित्रात जातात, भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानणाऱ्या माणसांच्या. राजाला तत्त्वज्ञ करायला प्लेटो सिसिलीतल्या सिराक्यूजला गेला आणि तो प्रयोग पार फसला, हे नेतृत्वाच्या कार्यशाळेत सांगायचं नाही, याला काय म्हणावं?

सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन, त्याचं तर नावही नाही, आणि नेतृत्वावर थेट बोलणारा तोच. त्याने लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या आठवणींच्या तिसऱ्या भागात निकोमाखिडीस तक्रार घेऊन येतो: मी अंगावर जखमा झेललेला शिपाई, आणि अथेन्सने सेनापती निवडला तो पैसा जमवणारा अँटिस्थेनीस! सॉक्रेटिस म्हणतो, त्याला गाणं येत नाही, तरी त्याने उभा केलेला प्रत्येक गायकवृंद स्पर्धेत जिंकला, कारण उत्तम जाणकार शोधून आणणं त्याला जमतं. कामातला सर्वांत हुशार माणूसच प्रमुख व्हावा का, हा वाद मुंबईतल्या प्रत्येक कचेरीत बढतीच्या वेळी होतो. त्यावर अर्धा दिवस आरामात गेला असता.

जेवण साधं आणि चांगलं, एसी अति थंड. रविवारी मध्य किंवा हार्बरने जाणाऱ्यांनी मेगाब्लॉक बघून निघावं. साडेपाचला सुटल्यावर गाड्यांचं वेळापत्रक अजून सावरलेलं नसतं. इंग्रजी स्लाइडची छापील प्रत आदल्या दिवशी मागितली तर मिळते.

पाठपुराव्यात रोज रात्री साडेनऊला गटावर तीन प्रश्न येतात: कुठे चुकलो, काय केलं, कोणतं कर्तव्य राहिलं. प्रश्न अस्सल आहेत, पायथागोरसपंथी वचनांतले, एपिक्टेटसनेही ते उद्धृत केलेत. पण उत्तरं २४ जणांसमोर टाकायची असतात. चूक कोण लिहील? तिसऱ्या आठवड्यापर्यंत गटावर सूर्योदयाची चित्रं आणि अंगठे येऊ लागतात. मार्कस ऑरेलियसच्या टिपणांना मिळालेल्या ग्रीक नावाचा अर्थच ‘स्वतःसाठी’ असा आहे. गट म्यूट करून ठेवा, वहीतली शेवटची बारा पानं कोरी आहेत.