ल्वारकाठची सायकलवाट, ब्ल्वा ते आँजे: 5 दिवस चालवून आल्यावर

लातूरहून औसा रोडला पहाटे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, ऊसाचा सीझन चालू झाला की मागून ट्रॉलीचा आवाज येताच आधी साइडपट्टीवर उतरायचं अन् मग मागं वळून बघायचं. 12 वर्षं ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळं फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी मागून ट्रॅक्टर आला तेव्हा मी अन् दाजी दोघंबी रस्ता सोडून गवतात उतरलो. ट्रॅक्टरवाला थांबला, इंजिन बंद केलं अन् काहीतरी विचारायला लागला. भाची सोबत होती, ती म्हणाली, "मामा, सायकल बिघडली का, मदत पाहिजे का, असं विचारतायत ते." माझ्यासाठी त्या अख्ख्या ट्रिपचा रिव्ह्यू तिथंच झाला होता, तरी पण आपल्या सायकल ग्रुपमधले 3-4 जण जायचं म्हणतायत म्हणून सगळं नीट लिहितोय.

तर ही वाट म्हणजे ल्वार आ वेलो. ल्वार ही फ्रान्सची सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या आसपास, अन् तिच्या काठाकाठानं साधारण 900 किमीची खुणा केलेली सायकलवाट आहे, नव्हेरच्या जवळ सुरू होते अन् अटलांटिक समुद्राला जाऊन भिडते. युरोव्हेलो 6 म्हणून जो अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतचा मोठा रूट आहे त्याचाच हा तुकडा. आम्ही फक्त ब्ल्वा ते आँजे केलं, आडवाटा धरून 250 किमी झालं असंल. दिवसाला 50, आपल्यातल्या कोणालाबी जमेल, दाजी 58 चे आहेत अन् त्यांना एकदाबी धाप लागली नाही. बराचसा रस्ता नदीच्या बांधावरून जातो. हे बांध पार मध्ययुगापासून घालत आलेत, कारण ल्वारला पूर लै येतात, 1846, 1856 अन् 1866 चे तर फार मोठे होते, काही गावांत भिंतीवर अजून त्या सालांच्या पाण्याच्या खुणा दाखवतात. सप्टेंबरात मात्र पाणी कमी, मधी वाळूची बेटं, त्यावर बगळे. दाजी बांधावर सायकल लावून कितीतरी वेळ बघत बसले, म्हणाले आपली गोदावरी नांदेडच्या खाली उन्हाळ्यात अशीच दिसते बघ, फक्त तिथं वाळूत एकबी हायवा नाही.

आता खरी सांगायची गोष्ट. ही सायकलवाट चांगली आहेच, हिरव्या-पांढऱ्या पाट्या प्रत्येक वळणाला, चुकायचा प्रश्न नाही. पण मला जी शांतता भेटली ती पाट्यांच्या वाटेवर नाही तर ती वाट सोडून गावागावातून जाणाऱ्या साध्या डांबरी रस्त्यांवर. भाचीनं मिशलँचा कागदी नकाशा घेऊन दिलता, त्यात मोठे रस्ते लाल, त्याच्याखालचे पिवळे अन् एकदम छोटे पांढरे. दाजींनी दुसऱ्या दिवशी नियमच केला, लाल दिसला की ओलांडायचा, पिवळा जमलं तर टाळायचा, पांढरा दिसला की घुसायचं. विलांद्रीचा बगीचा बघून (बघाच, भाजीपाल्याचे वाफे रांगोळीसारखे लावलेत) आम्ही नदी सोडून दक्षिणेला आझे-ल-रिदोकडं वर पठारावर चढलो, छोटासाच चढ आहे, अन् वर गेल्यावर पाऊण तासात दोन गाड्या भेटल्या. पाऊण तासात दोन! दोन्हीबाजूला सूर्यफूल, काढणीला आलेलं, माना खाली घालून काळं पडलेलं. आमच्या लहानपणी शिवारात सूर्यफूल अन् करडई असायची, आता सगळं सोयाबीनच, त्यामुळं ते बघून माझं मन कुठल्याकुठं गेलं.

हे रस्ते इतके मोकळे कसे हा प्रश्न मला रोज पडायचा. फ्रान्समध्ये 35 हजाराच्या आसपास ग्रामपंचायती आहेत असं समजा, कम्यून म्हणतात, अन् जवळजवळ प्रत्येक गाव शेजारच्या चार-पाच गावांना डांबरी रस्त्यानं जोडलेलं. सगळे धरून 10 लाख किमीच्या वर रस्ते आहेत त्या देशात. ज्याला घाई आहे तो मोटरवेनं जातो, तूर शहर ते आँजे सगळी घाई ए 85 वर पळते, मग गावच्या रस्त्यावर उरतात पोस्टाची पिवळी गाडी, ट्रॅक्टर अन् आपण. अन् जे उरतात ते वागतात कसे तर ओव्हरटेक करताना सायकलपासून गावात 1 मीटर अन् गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं हा कायदाच आहे, अन् मी बघितलं की लोक पाळतात, समोरून गाडी येत असंल तर मागं दोन-दोन मिनिटं हळूहळू येत राहतात, हॉर्न नाही. हॉर्न नाही याची सवय व्हायला मला दोन दिवस लागले.

एक मात्र ध्यानात ठेवा. गाड्या उजव्या बाजूनं चालतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण गावात जिथं पाटी नाही तिथं उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग ती गल्ली कितीबी बारकी असू द्या. आम्ही सरळ रस्त्यावर म्हणून निघालो होतो अन् एक बाई गाडी घेऊन उजवीकडून आली, तिची काही चूक नव्हती.

पाण्याचं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं आपण बघितलंय त्यामुळं बाटली रिकामी व्हायला लागली की मला आपोआप काळजी लागते, अन् फ्रान्सच्या खेड्यात दुपारी सगळं बंद, माणूस दिसत नाही. यावर तिकडच्या सायकलवाल्यांची जुनी युक्ती भाचीनं सांगितली: गावाच्या दफनभूमीत जायचं. फुलझाडांना पाणी घालायला तिथं बहुतेक ठिकाणी नळ असतो. फक्त वर "ओ नों पोताब्ल" लिहिलेलं असंल तर ते प्यायचं नाही, "ओ पोताब्ल" असंल तर बिनधास्त. पहिल्यांदा मला आत जायला संकोच वाटला, पण तिथं एक म्हातारे गृहस्थ कबरीवरची फुलं बदलत होते, त्यांनी स्वतःच नळाकडं हात दाखवला. मी त्यांना हात जोडले.

सोम्यूरच्या अलीकडं सूझे-शाँपिन्यी नावाचं गाव येतं, तिथं वाट चक्क डोंगर कोरून केलेल्या गल्लीतून जाते. तुफो नावाचा मऊ पांढरट दगड आहे, त्याच दगडानं तिकडचे राजवाडे बांधले, अन् दगड काढून ज्या खाणी उरल्या त्यात लोक राहायला लागले, आता कुठं दारू साठवतात, कुठं आळंबी पिकवतात. आपण वेरूळ-अजिंठ्याची माणसं, खरोसा तर आपल्या औसा तालुक्यातच, त्यामुळं कोरलेला डोंगर नवा नाही, पण आत सायकल चालवत जायचं, गार वारा अंगावर घेत, खिडक्या-दारं असलेल्या गुहांच्या समोरून, हे मी विसरणार नाही. राजवाडे म्हणाल तर शोमाँ बाहेरून, आंब्वाज आतून बघितला. तिथंच लिओनार्दो दा व्हिंचीची कबर आहे, 1516 मध्ये फ्रान्सच्या राजानं त्याला बोलावून घेतलं अन् 1519 ला तो तिथंच वारला.

जेवणाचं शाकाहारी माणसाला सांभाळावं लागतं. दाजी माळकरी. तिकडचं बकरीच्या दुधाचं चीज प्रसिद्ध आहे, पण बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते कळल्यावर दाजींनी हात लावला नाही. मग बेकरीतलं गरम बॅगेट, टोमॅटो, द्राक्षं अन् घरून नेलेली शेंगाची चटणी, यावर 5 दिवस मजेत निघाले. बेकरी सकाळी लवकर उघडते, दुपारी बंद, अन् रविवारी दुपारनंतर ते सोमवार खेड्यात काही मिळंल असं धरूच नका. शनिवारीच घेऊन ठेवायचं.

आता जे पटलं नाही ते. एक, वारा. तिकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, समुद्राकडून, अन् आम्ही पश्चिमेलाच चाललेलो, शेवटचे दोन दिवस नुसतं तोंडावर वारं. सगळे नदीच्या प्रवाहासोबत जायचं म्हणतात, पण चढ-उतार इतका कमी आहे की त्याचा उपयोग काहीच नाही, मी पुन्हा गेलो तर आँजेहून सुरू करून ब्ल्वाला येईन. दोन, काही तुकडे बारीक खडीचे आहेत, रेसिंगच्या 25 मिमी रुंदीच्या टायरला त्रास होईल, 32 च्या वरचे घ्या. तीन, आव्वानजवळ अणुवीज केंद्र अन् विजेच्या तारांचं जाळं, तो भाग गुमान पुढं निघायचा. अन् मोठ्या शहरातून बाहेर पडताना अर्धा-पाऊण तास वर्दळ असतेच.

सायकल भाड्याची घेतली, दिवसाला 20 युरोच्या आसपास, ब्ल्वाला घ्यायची अन् आँजेला सोडायची, ही सोय उत्तम. पण दुकानाचं नाव घेत नाही, त्यांनी दिलेला पंप त्या सायकलच्या बारक्या व्हॉल्व्हला बसतच नव्हता, ते आम्हाला कळलं दाजींचं टायर पंक्चर झाल्यावर. 4 किमी हातात धरून चाललो. घेतानाच पंप लावून बघा, एवढं कराच. निभावलं ते मुक्कामाच्या घरात. तिकडं आकॉय वेलो नावाची पाटी असलेली घरं, हॉटेलं, कॅम्पिंगच्या जागा आहेत, वाटेपासून 5 किमीच्या आत, सायकल कुलपात ठेवायला जागा अन् दुरुस्तीचं सामान ठेवायचं हे त्यांना बंधनकारक. त्या घरच्या आजींनी पंप दिला, पंक्चर काढेपर्यंत अंगणात दिवा धरून उभ्या राहिल्या अन् नंतर दाजींच्या ओल्या शर्टाकडं बोट दाखवून धुवायला टाका म्हणून खुणेनं सांगितलं.

5 पैकी साडेचार. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, तेव्हा त्यांच्या सुट्ट्या, गर्दी असते; मे-जून नाहीतर सप्टेंबर. नकाशा माझ्याकडं आहे, चांगल्या पांढऱ्या रस्त्यांवर दाजींनी पेन्सिलनं खुणा केल्यात, कोणाला पाहिजे तर रविवारी पहाटे साडेपाचला गांधी चौकात या, घेऊन जा. परत मात्र आणून द्या, दाजींनी पुढच्या वर्षासाठी त्यावर अजून दोन वाटा आखून ठेवल्यात.