बबल सीपॅप : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरातील आमच्या लहानशा नवजात अतिदक्षता विभागात बबल सीपॅपचा, म्हणजे बाळाच्या नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारा संच येऊन नऊ महिने झाले. विभागातील परिचारिका म्हणून तो रोज हाताळत असल्याने, संच घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

गर्भारपणाच्या ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांत बहुधा सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा द्रव, पुरेसे तयार झालेले नसते. त्यामुळे श्वास सोडताना हवेच्या पिशव्या मिटतात आणि पुढच्या प्रत्येक श्वासाला त्या नव्याने उघडण्यात बाळाची शक्ती संपते. श्वास बाहेर नेणाऱ्या नळीचे टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवले की साधारण तेवढ्या दाबाने त्या उघड्या राहतात. यंत्राचे मर्म एवढेच आहे.

जुलैच्या मुसळधार पावसात गगनबावड्याकडून ३० आठवड्यांचे, १२५० ग्रॅमचे बाळ आले, तेव्हा ते कण्हत होते आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. सीपॅप लावल्यावर अर्ध्या तासात कण्हणे थांबले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिल्या जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ४० टक्क्यांवरून २५ वर आणता आला. व्हेंटिलेटर लागला नाही. अर्थात सगळ्याच बाळांचे एवढ्यावर भागत नाही. काहींना सर्फॅक्टंट द्यावेच लागते.

तक्रारही लिहिली पाहिजे. डिसेंबरच्या थंडीत नळीत साचलेली वाफ पाणी होऊन बाटलीत उतरते, पातळी वाढते आणि कोणाच्या ध्यानात न येता दाबही वाढतो. एका पहाटे पाणी ७ च्या खुणेपर्यंत चढलेले मी स्वतः पाहिले आणि अक्षरशः हादरले. जादा पाणी आपोआप बाहेर जाण्याची सोय आमच्या बाटलीला नाही, हा मला या संचाचा सर्वांत मोठा दोष वाटतो. आता आम्ही दर तासाला पातळी पाहून तक्त्यावर नोंदवतो.

नाकातील प्रॉन्गचा (नाकपुड्यांत बसवायच्या छोट्या नळ्यांचा) सर्वांत लहान आकार पुरवठादाराकडून मिळायला तीन आठवडे लागले. तोवर मोठ्या प्रॉन्गवर भागवावे लागल्याने एका बाळाच्या नाकपुड्यांमधला पडदा लाल झाला होता, आणि ती खंत अजून जात नाही. प्रॉन्ग आणि पडदा यांच्यात दोन मिलिमीटरचे अंतर राहिलेच पाहिजे. पोट फुगू नये म्हणून तोंडातून जठरात घातलेली नळी उघडी ठेवावी. बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवण्यासाठी हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर हवाच, कारण जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. वळवाच्या पावसात वीज गेली की हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडतो, म्हणून तो बॅकअपवर असलाच पाहिजे.

गगनबावड्याच्या त्या बाळाची आई शेजारी बसून बुडबुड्यांचा आवाज ऐकत असे. एकदा प्रॉन्ग सरकल्यावर तिनेच हाक मारली, "सिस्टर, बुडबुडं थांबलं." तेव्हापासून प्रत्येक आईला तो आवाज आम्ही पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवतो.