‘पोपट फुकट, फक्त पाठवणीचा खर्च द्या’: दत्तक पोपटाच्या नावाखाली चालणारी लुबाडणूक

‘आफ्रिकन ग्रे, नर, वय चार वर्षं. भरपूर बोलतो, कुणाच्याही हातावर येतो, लहान मुलांशी छान राहतो. परदेशी जावं लागतंय म्हणून चांगल्या घरी द्यायचा आहे. पैसे नकोत, फक्त पाठवणीचा खर्च.’

या जाहिरातीत उघड खोटं वाटावं असं काहीच नाही, म्हणून ती चालते. माणसं खरोखरच पोपट देऊन टाकतात. ग्रे, काकाटू, मकाव या जातींचे पोपट नीट सांभाळले तर चाळीस-पन्नास वर्षंही जगतात; तेवढ्या काळात माणसाची घरं बदलतात, तब्येती बिघडतात, घरात तान्हं मूल येतं. त्यामुळे ‘कारण खरं असेल’ असं वाटणं साहजिक आहे. जाणकार अडतो तो ‘कुणाच्याही हातावर येतो’ या शब्दांपाशी. पोपटाचा लळा बहुतेकदा एका माणसाशी, फार तर घरातल्या दोघांशी जडलेला असतो. जुन्या मालकाच्या खांद्यावर तासन्‌तास बसणारा ग्रे नव्या माणसाचं बोट रक्त येईस्तोवर फोडू शकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पक्षी दुसऱ्याच्या हवाली करता येतो, त्याचा लळा नाही. ज्याच्या जाहिरातीत लळाच तयार मिळतो, त्याच्याकडे एक तर पक्षीच नसतो, किंवा असलेल्या पक्ष्याबद्दल तो काहीतरी लपवत असतो.

खरा देणारा वेगळं बोलतो. ‘माझ्याकडे येतो, पण यांना चावतो. झाडूला घाबरतो. दिवेलागणीला वीस मिनिटं घर डोक्यावर घेतो.’ आणि तो तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो: घरात दिवसभर कोण असतं, आधीचे पक्षी आहेत का, नॉनस्टिक भांडी वापरता का (तापून जळलेल्या टेफ्लॉनचा धूर पोपटाला काही मिनिटांत मारतो). ज्याला फक्त तुमचा पत्ता आणि पैसे कधी पाठवता एवढंच हवं आहे, त्याला पक्ष्याची काळजी नाही.

पक्षी अस्तित्वातच नसतो तेव्हाचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. पहिली रक्कम लहान असते. ती भरली की दुसऱ्या दिवशी ‘विमान कंपनी’कडून मेल येते: पिंजरा नियमात बसत नाही, तापमान नियंत्रित पेटी भाड्याने घ्यावी लागेल, रक्कम पक्षी पोचल्यावर परत. मग विमा, तोही परत मिळणारा. मग लसीकरणाचा दाखला. मग पक्षी मधल्याच विमानतळावर ‘विलगीकरणात’ अडकतो. नाही म्हटलं की सूर बदलतो: पक्षी उपाशी आहे, तुमच्या नावावर नोंद झाली आहे, प्राण्याला वाऱ्यावर सोडल्याबद्दल तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. लोक इथेच सर्वाधिक पैसे घालवतात, कारण पुढची रक्कम आधीच्या बेरजेपेक्षा कमी असते आणि डोळ्यांपुढे पेटीत बसलेला पक्षी असतो.

ही गोष्ट तपासायला फार काही लागत नाही. जिवंत प्राण्याच्या हवाई वाहतुकीचे नियम ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते, पण पेटी ही पाठवणाऱ्याने आणायची वस्तू आहे. ती ‘पोचल्यावर परत’ अशा अनामतीवर एखाद्याच्या खासगी खात्यातून भाड्याने मिळत नाही. पाठवणीचे पैसे कंपनीच्या काउंटरवर किंवा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरले जातात, आणि पावतीवरचा क्रमांक तुम्ही स्वतः कंपनीला फोन करून पडताळू शकता. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, कंपनीच्या मूळ नंबरवर. सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याचं नाव ऐकलं की लोक दबतात, म्हणून तेही वापरलं जातं. आफ्रिकन ग्रे 2017 च्या जानेवारीपासून सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक बंधनांच्या यादीत आहे हे खरं. पण निर्यात परवाना देशाची सीमा ओलांडताना लागतो आणि तो त्या देशाची अधिकृत सरकारी यंत्रणा देते. देशातल्या देशात पक्षी पाठवताना ‘सायटीस निर्यात फी’ मागणारा बनाव करतो आहे. आणि परदेशातून पक्षी ‘मी सगळं बघतो’ म्हणत पाठवणारा बनाव करत नसेल, तर तस्करी करत असेल. स्थानिक कायद्यात ती जात पाळता येते का, नोंदणी लागते का, हे आधी आपण स्वतः बघावं; देणाऱ्याच्या तोंडून ऐकू नये.

फोटोवर विसंबू नका. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे असा उलट शोध घेतला तर तोच ग्रे तीन वेगवेगळ्या नावांनी तीन ठिकाणी ‘दत्तक’ निघालेला सापडतो. सापडला नाही म्हणून खराच असं मात्र नाही, हल्ली फोटो तयारही करता येतात. थेट व्हिडिओ कॉल मागा, आणि आयत्या वेळी सांगा: पिंजऱ्यामागून कॅमेरा फिरवा, पायातल्या रिंगवरचा आकडा जवळून दाखवा, दांडीशेजारी एक चमचा धरा. ‘नेट कमी आहे’, ‘पक्षी दुसऱ्या घरी आहे’ अशी उत्तरं आली की विषय संपला.

पोपटाची ‘फळलेली अंडी’ पार्सलने विकणाऱ्यांबद्दल दोनच वाक्यं पुरेत. अंडं प्रवासात हेलकावे खाऊन आणि थंड होऊन मरतं. आणि चुकून पिल्लू निघालंच तर ते आंधळं, उघडं, रात्रंदिवस दर दोन तासांनी भरवावं लागणारं असतं, नवशिक्याच्या हातात ते जगत नाही.

आता खऱ्या पक्ष्याकडे वळू, कारण इथली फसवणूक उशिरा कळते आणि जास्त महागात पडते.

वय आधी. ग्रेच्या पिल्लाचा डोळा काळपट असतो, मग राखाडी होतो, आणि काही वर्षांत फिका पिवळा. त्यानंतर डोळा वय सांगत नाही. सहा वर्षांचा आणि सव्वीस वर्षांचा ग्रे डोळ्यांवरून वेगळे काढता येत नाहीत. ‘डोळा बघा, तरुण आहे’ ही थाप आहे. भरवसा ठेवायचा तो जोड नसलेल्या बंद रिंगवर. ती पिल्लाचा पंजा लहान असताना, पहिल्या काही आठवड्यांतच घालता येते, नंतर नाही. तिच्यावर बहुधा वर्ष आणि पैदास करणाऱ्याची खूण असते. जोड दिसणारी उघडी रिंग कुठल्याही वयात चढवता येते. रिंगवरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी अक्षरन्‌अक्षर जुळवा.

नर-मादीचंही तसंच. कंठवाल्या हिरव्या पोपटाच्या नराला कंठ उमटायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याआधी ‘नर आहे, बोलेलच’ हे अंदाजाने विकलेलं असतं. बहुतेक जातींत डीएनए चाचणीशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि त्या दाखल्यावरही रिंगचा आकडा हवा. नाहीतर तो कुठल्याही पक्ष्याचा असू शकतो.

‘किती शांत आहे बघा’ हे वाक्य सगळ्यात घातक. पोपट आजार लपवतो. लपवता येईनासा झाला की तो शांत होतो. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, दोन्ही पायांवर बसलेला, हातावरून हलतच नाही असा पक्षी माणसाळलेला नसतो, बहुतेक वेळा आजारी असतो. निरोगी पोपट झोपतो तो सहसा एका पायावर. श्वासाबरोबर शेपूट वरखाली होते का ते बघा. नाकपुड्या ओल्या किंवा चिकटलेल्या आहेत का, गुदद्वाराजवळची पिसं बरबटली आहेत का, तेही. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, किंवा मालकाला फिरवायला सांगा आणि तुम्ही बघा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं असेल तर पक्षी उपाशी आहे किंवा बरेच दिवस आजारी आहे, आणि ‘जागा बदलल्यामुळे’ हे कारण तिथे लागू पडत नाही, कारण अजून जागा बदललेलीच नाही.

ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा सोबत न्या. ग्रे दोन प्रकारचे: काँगो ग्रे साधारण 400 ते 550 ग्रॅम भरतो, लहान टिम्नेह ग्रे 275 ते 375. काटा 310 दाखवतो आणि समोरचा म्हणतो ‘काँगो’, तर शेपूट बघा: काँगोची लालभडक, टिम्नेहची काळपट तपकिरी-लाल आणि वरच्या चोचीवर फिकट गुलाबी छटा. शेपूट लालभडक आणि वजन 310 असेल तर समोर खंगलेला पक्षी आहे.

छाती उघडी पडली असेल तर ‘पिसं झडायचा हंगाम’ हे ठरलेलं उत्तर येतं. हंगामात पिसं थोडी थोडी, दोन्ही बाजूंना सारखी झडतात आणि मधून नवे कोंब दिसतात. कातडी उघडी पडत नाही. छाती-पोट उघडं पण डोकं शाबूत, म्हणजे तो स्वतःच उपटतो आहे, कारण चोच डोक्याला पोचत नाही. अशी सवय वर्षानुवर्षं राहते, आणि ती सांगून दिलेला पक्षी आपलासा करायला काहीच हरकत नाही. लपवून देणं ही फसवणूक. डोक्यावरचीही पिसं गेलेली, उगवलेली वाकडी, मुळाशी चिमटल्यासारखी असतील तर चोच-पिसांच्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्या, आणि घरात इतर पोपट असतील तर रक्ततपासणीचा निकाल हातात येईपर्यंत पक्षी उंबऱ्याच्या आत आणू नका. या आजाराचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो. ‘जरा सर्दी होती’ म्हणून दिलेल्या पक्ष्याला सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार असू शकतो. तो माणसालाही होतो: ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी. डॉक्टरांना घरात नवा पोपट आला आहे हे सांगितलं नाही तर निदान लांबतं.

आहाराबद्दलचं खोटं लोक किरकोळ समजतात. त्याने पक्षी मरतो. ‘पेलेट्स (पोपटांसाठीचं तयार गोळ्यांचं खाद्य) खातो’ म्हणून दिलेला पोपट प्रत्यक्षात आयुष्यभर सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला असेल, तर पेलेट हे अन्न आहे हेच त्याला कळत नाही आणि भरलेल्या वाटीशेजारी तो उपाशी राहतो. चुरा केलेली वाटी बघून तो खातोय असं वाटतं. खरं कळतं ते विष्ठेवरून: थोडी, गडद हिरवी, पातळ असेल तर पोटात काही जात नाही. पहिले दोन आठवडे जुनंच खाणं द्या, ते देणाऱ्याकडून पिशवीसकट मागून घ्या, आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. एक-दोन दिवस कमी खाणं नव्या जागेत चालतं. वजन दहा टक्क्यांनी उतरलं की पक्ष्यांच्या डॉक्टरकडे, वाट न बघता.

पहिले 30 ते 45 दिवस वेगळी खोली, वेगळ्या वाट्या, आणि त्याचं काम सगळ्या पक्ष्यांच्या शेवटी. या काळात तो बिचकून गप्प राहील किंवा चावेल. त्यावरून देणारा खोटारडा ठरत नाही. पिंजऱ्याशेजारी बाजूने बसा, समोरून रोखून बघू नका. आवडीची बी गजांमधून द्या. मग एक काडी धरून तिच्या टोकाला चोच लावली की बी, असं तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तो कंटाळायच्या आत थांबायचं. बुबुळ झपाझप लहानमोठं होतंय, शेपूट पंख्यासारखी पसरली आहे, मानेची पिसं उभी आहेत, तर हात मागे. पाठीवरून हात फिरवू नका. त्याने तो तुम्हाला जोडीदार समजून बिथरतो. ‘टॉवेल टाकून धरा, दोन दिवसांत वठणीवर येईल’ असा सल्ला देणाऱ्याने तो पक्षी तसाच ‘माणसाळवलेला’ असतो. नुकतेच कापलेले पंख हीसुद्धा तीच युक्ती: उडता येत नाही म्हणून तो हातावर बसून राहतो. पंख उघडून कापलेल्या पिसांचे दांडे बघा.

व्यवहार लेखी करा: जात, रिंगचा आकडा, सांगितलेलं वय, देण्याचं कारण, आधीच्या डॉक्टरचं नाव, आणि तपासणीत लपवलेला आजार निघाल्यास 14 दिवसांत परत घेण्याची अट. त्या डॉक्टरला मालकाच्या संमतीने स्वतः फोन करा. पक्षी दोनदा बघायला जा, एकदा सकाळी खाण्याच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी, ओरडण्याच्या वेळी. दत्तक शुल्क मागितलं म्हणून बिचकू नका; चांगली पुनर्वसन केंद्रं शुल्क घेतात आणि वर तुमचं घरही बघायला येतात.

पैसे गेलेच असतील तर पुढचा हप्ता थांबवा आणि त्याच तासात बँकेला कळवा. उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकलेली असते. संभाषण पुसू नका, समोरच्याला ‘पकडलं’ असं सांगूही नका, आधी खाते क्रमांकासकट सगळं जतन करून सायबर पोलिसांत तक्रार द्या. त्यानंतर काही दिवसांनी एक सज्जन संपर्क साधेल, थोडं शुल्क घेऊन बुडालेले पैसे मिळवून देतो म्हणेल. तो बहुधा त्याच टोळीतला असतो. तुमचा नंबर त्याला तिथूनच मिळालेला असतो.